जिंकत असलेला सेनापती का हटवला?

इस्लामच्या आरंभीच्या इतिहासात खालिद बिन वलीद यांच्याइतका नावाजलेला सेनापती दुसरा नाही. मुअताच्या लढाईत एकामागून एक तीन सरदार पडल्यावर उरलेली फौज त्यांनी सांभाळून मागे आणली. पैगंबर मुहम्मद यांच्या निधनानंतर अरबस्तानात उसळलेली बंडे मोडण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. 633 मध्ये त्यांनी इराकमधले हिरा शहर घेतले आणि पुढच्याच वर्षी निर्जल वाळवंट तुडवत सीरियात उतरून बायझंटाइन फौजांना अनपेक्षित बाजूने गाठले. परंपरेने त्यांना ‘अल्लाहची तलवार’ म्हटले. अशा माणसाला दुसरे खलिफा उमर यांनी, रणांगणावर काही बिघडलेले नसताना, आधी सर्वोच्च सेनापतिपदावरून खाली आणले आणि तीन-चार वर्षांनी सेवेतूनच दूर केले. तेराशेहून अधिक वर्षे या निर्णयाची चर्चा चालू आहे. कोणी त्यात जुने वैर पाहिले, कोणी खालिद यांच्या एखाद्या गुन्ह्याची शिक्षा, तर कोणी कुरैश टोळीतल्या घराण्यांची चुरस. माझे मत वेगळे आहे. ही बडतर्फी म्हणजे नव्याने जन्मलेल्या राज्याने एका मूलभूत प्रश्नाला दिलेले उत्तर होते. फौज कोणाची, तिला जिंकून देणाऱ्याची की तिला पाठवणाऱ्या समाजाची, असा तो प्रश्न होता. उमर यांनी त्याचे जे उत्तर दिले ते फक्त खालिद यांच्यापुरते नव्हते, आणि त्याची किंमतही कमी नव्हती.

खालिद हे कुरैशांच्या मख्जूम घराण्यातले. हे घराणे मक्केतले धनाढ्य, आणि पैगंबरांच्या विरोधात सुरुवातीला सर्वांत कडवे. 625 मध्ये उहुदच्या लढाईत मुस्लिम तिरंदाजांनी जागा सोडताच घोडदळासह मागून घुसून लढाईचे पारडे फिरवणारे खालिदच होते. ते मुस्लिम झाले 629 मध्ये, म्हणजे मक्का जिंकली जाण्याच्या जेमतेम काही महिने आधी. ज्यांनी मक्केत छळ सोसला, मदिनेला हिजरत केली, बद्रच्या लढाईत जीव पणाला लावला, त्या जुन्या साथीदारांच्या नजरेत हा माणूस उशिरा आलेला होता. पण पैगंबरांनी त्यांना लगेच जबाबदाऱ्या दिल्या. याच काळातली एक घटना पुढच्या सगळ्या वादाची नांदी आहे. मक्का जिंकल्यावर खालिद यांना बनू जझीमा टोळीकडे पाठवले होते. त्या लोकांनी शरणागती पत्करली असतानाही त्यांच्यातल्या काहींना ठार मारले गेले. बातमी कळताच पैगंबरांनी या कृत्याशी आपला संबंध नसल्याचे जाहीरपणे सांगितले आणि मारल्या गेलेल्यांच्या नातलगांना भरपाई देण्यासाठी अली यांना पाठवले. खालिद यांना मात्र पदावरून काढले नाही. कृत्याचा निषेध करायचा आणि माणसाचा उपयोग करून घ्यायचा, हा मार्ग तिथे पहिल्यांदा दिसतो.

632 मध्ये पैगंबरांचे निधन झाले, अबू बक्र खलिफा झाले आणि अनेक टोळ्यांनी मदिनेशी असलेले नाते तोडले. या युद्धांना रिद्दाची युद्धे म्हणतात. त्यांतच तमीम टोळीच्या यरबू शाखेचा प्रमुख मालिक बिन नुवैरा याचे प्रकरण घडले. खालिद यांच्या माणसांनी मालिकला पकडले, तो मारला गेला, आणि खालिद यांनी त्याच्या विधवेशी लग्न केले. अबू कतादा नावाचे साथीदार चिडून मदिनेला परतले. मालिकने मुस्लिम असल्याचे दाखवून दिले होते, असा त्यांचा दावा होता. उमर यांनी अबू बक्र यांच्याकडे खालिद यांना हटवण्याचा आग्रह धरला. अबू बक्र यांनी मालिकच्या नातलगांना भरपाई दिली, पण सेनापती बदलला नाही. शत्रूवर उपसलेली तलवार आपण म्यान करणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर परंपरेत नोंदले आहे. सुन्नी परंपरा या प्रकरणात खालिद यांच्या बाजूने सबबी देते, तर शिया परंपरेत त्यांच्यावर आजही कठोर टीका होते. मला इथे महत्त्वाचे वाटते ते दोन खलिफांमधले अंतर. अबू बक्र यांच्यापुढे राज्य टिकते की नाही हाच प्रश्न होता. बंडखोर मुसैलिमाविरुद्धच्या यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले इतके साथीदार पडले, की त्यातूनच कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम झैद बिन साबित यांच्यावर सोपवले गेले. अशा घडीला लढाया जिंकणारा माणूस घरी बसवणे त्यांना परवडणारे नव्हते. उमर यांच्या हाती राज्य आले तेव्हा ते टिकले होते आणि झपाट्याने वाढत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता.

ऑगस्ट 634 मध्ये अबू बक्र वारले आणि उमर खलिफा झाले. त्यांनी सीरियातल्या फौजांचे नेतृत्व खालिद यांच्याकडून काढून अबू उबैदा बिन जर्राह यांच्याकडे दिले. या बदलाभोवती एक गोष्ट फार लोकप्रिय आहे: यर्मूकची लढाई ऐन रंगात असताना मदिनेहून पत्र आले, खालिद यांनी ते लपवले, लढाई जिंकली आणि मगच पद सोडले. ती ऐकायला सुंदर आहे, पण कालगणनेत बसत नाही. सैफ बिन उमर या कथाकाराच्या परंपरेतून ती आली आहे, आणि तो यर्मूकची लढाई 634 मध्ये घालतो. इतर अरबी इतिहासकार ती 636 मध्ये मानतात. सिरियाक भाषेतल्या बायबलच्या एका जुन्या हस्तलिखितावर त्याच काळात कोणीतरी केलेली त्रोटक नोंद आहे. ऑगस्ट 636 मध्ये त्या भागात रोमनांचा मोठा संहार झाल्याचे तीत म्हटले आहे, आणि ती बहुधा यर्मूकचीच आहे. म्हणजे यर्मूकच्या वेळी अबू बक्र यांना जाऊन दोन वर्षे झाली होती आणि सेनापती आधीच बदललेला होता. हे पुरावे मान्य केले की चित्र अधिक अर्थपूर्ण होते. खालिद यांनी आपली सर्वांत मोठी लढाई पद गेल्यानंतर, दुसऱ्याच्या हाताखाली लढली. घोडदळ त्यांच्याकडे राहिले, त्यांचा सल्ला निर्णायक ठरला, पण हुकूम अबू उबैदा यांच्या नावाने निघत होते. अबू उबैदा हे अगदी सुरुवातीच्या मुस्लिमांपैकी एक आणि स्वभावाने मृदू. नेमणुकीचे पत्र आल्यावर खालिद यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्यांनी ते काही काळ जाहीर केले नाही, असेही सांगितले जाते. उमर यांनी कौशल्य जागच्या जागी ठेवले आणि अधिकार तेवढा हलवला.

दुसरी बडतर्फी 638 च्या सुमाराची. खालिद तेव्हा उत्तर सीरियात किन्नसरीनला होते. एका मोहिमेनंतर अश्अस बिन कैस हा किंदा टोळीचा सरदार त्यांच्याकडे आला आणि खालिद यांनी त्याला दहा हजार दिरहम बक्षीस दिले. बातमी मदिनेला पोचली. उमर यांनी अबू उबैदा यांना लिहिले, की खालिद यांना सर्वांसमोर उभे करून पैसे कुठून दिले ते विचारा. लुटीतून दिले असतील तर ती अफरातफर, आणि स्वतःच्या खिशातून दिले असतील तर ती उधळपट्टी. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होता: पद जाणार. इतिहासकार तबरी यांच्या ग्रंथात हा प्रसंग बारकाईने आला आहे. अबू उबैदा व्यासपीठावर गप्प बसून राहिले. पैगंबरांच्या काळी अजान देणारे बिलाल, जे एकेकाळी मक्केत गुलाम होते, ते उठले आणि त्यांनी खालिद यांच्याच पगडीने त्यांना बांधून प्रश्न विचारला. पैसे माझेच होते, असे खालिद यांनी सांगितले. मग बिलाल यांनी बंध सोडला आणि आपल्या हाताने पगडी पुन्हा त्यांच्या डोक्याला बांधून त्यांचा मान राखला. मदिनेत उमर यांनी त्यांच्या मालमत्तेची मोजदाद केली आणि त्यातले जास्तीचे वीस हजार सरकारी खजिन्यात जमा केले. त्यानंतर त्यांनी प्रांतोप्रांती पत्र पाठवले. त्याचा आशय असा, की खालिद यांना राग म्हणून किंवा विश्वासघातासाठी काढलेले नाही. लोक त्यांच्यामागे वेडे झाले होते, विजय त्यांच्यामुळेच मिळतो असे समजू लागले होते, आणि विजय देणारा अल्लाह आहे हे लोकांना कळावे म्हणून हे केले. माझ्या युक्तिवादाचा पाया हे पत्र आहे. त्यात धर्मभावना आहेच. पण राज्यकर्त्याच्या तोंडी त्या वाक्याचा राजकीय अर्थ उघड आहे. सैनिकांची निष्ठा एका माणसाच्या नावाशी जोडली गेली, तर मदिनेतल्या खलिफाच्या शब्दाला सीमेवर वजन उरत नाही.

यावरचा पहिला आक्षेप असा, की हे सगळे सोज्वळ कारण नंतर जोडलेले आहे आणि मुळात उमर यांचे खालिद यांच्याशी वैर होते. मालिक बिन नुवैराच्या प्रकरणात उमर यांनी घेतलेली कडक भूमिका पाहता या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. खालिद यांच्याविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. पण वैर हे एकमेव कारण असते तर वेगळे घडले असते. उमर यांची आई हंतमा मख्जूम घराण्यातली आणि खालिद यांची चुलत बहीण, म्हणजे नाते जवळचे होते. सत्तेवर येताच उमर यांनी खालिद यांना पदावरून उतरवले, तरी पुढची तीन-चार वर्षे सीरियाच्या मोहिमांत राहू दिले. मालिकच्या प्रकरणी खटला उभा केला नाही. आणि 642 मध्ये खालिद वारले तेव्हा आपल्या मृत्युपत्राची व्यवस्था त्यांनी उमर यांच्याकडेच सोपवली होती, असे परंपरा सांगते. शत्रू मानलेल्या माणसाकडे कोणी आपल्या मुलाबाळांची व्यवस्था सोपवत नाही.

त्याहून भक्कम उत्तर मिळते ते इतर सेनापतींना उमर यांनी कसे वागवले ते पाहिल्यावर. साद बिन अबी वक्कास हे कादिसियाच्या लढाईत इराणी साम्राज्याची ताकद मोडणारे आणि त्याची राजधानी मदाइन घेणारे. ते अगदी पहिल्या काही मुस्लिमांपैकी, पैगंबरांच्या आईच्या घराण्यातले. त्यांच्याविषयी कोणतेही वैर उमर यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. साद यांनी कूफा ही छावणी वसवली, तिथे स्वतःसाठी वाडा बांधला आणि त्याला दरवाजा लावला. लोकांना सेनापतीपर्यंत पोचण्यात या दरवाजाचा अडथळा होतो असे उमर यांच्या कानावर गेले, तेव्हा त्यांनी मुहम्मद बिन मस्लमा या आपल्या विश्वासू तपासनीसाला मदिनेहून पाठवले आणि त्याने तो दरवाजा जाळला. पुढे कूफाच्या काही लोकांनी तक्रारी केल्या, साद नमाजही नीट पढवत नाहीत इथपर्यंत. तपास झाला, मशिदी-मशिदींतून विचारपूस झाली, बहुतेकांनी साद यांची स्तुतीच केली. तरीही त्यांना परत बोलावले गेले. मरणशय्येवर उमर यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली, तीत साद होते, आणि आपण साद यांना नालायक किंवा बेइमान म्हणून काढले नव्हते असे त्यांनी तेव्हा स्पष्टपणे सांगितले. इजिप्त जिंकणारे अम्र बिन अल-आस यांच्याकडेही तोच मुहम्मद बिन मस्लमा गेला आणि त्यांच्या वाढलेल्या मालमत्तेचा अर्धा भाग घेऊन आला. अम्र पदावर राहिले, पण हिशेब चुकला नाही. नेमणुकीच्या वेळी सुभेदाराच्या मालमत्तेची यादी करायची आणि नंतर वाढ दिसली तर ती खजिन्यात घ्यायची, ही उमर यांची रीत होती. खालिद यांच्या दहा हजारांचा प्रश्न या रीतीच्या संदर्भात ठेवला की तो एका माणसावरचा सूड वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. उमर यांनी दिवाण, म्हणजे वेतनाची नोंदवही, स्थापन करून सैनिकांचे वेतन ठरवले ते मुख्यतः इस्लाम कोणी किती आधी स्वीकारला या क्रमाने. बद्रला लढलेले वर, मक्का जिंकल्यानंतर आलेले खाली. मग खालिद यांना बाजूला करून अबू उबैदा यांना आणणे हे जुन्या साथीदारांना मान देण्याच्या धोरणाचाच भाग नाही का? अंशतः आहे, आणि 634 चा बदल समजण्यासाठी हे स्पष्टीकरण उपयोगी पडते. पण ते पुढे अपुरे पडते. साद हे जुन्यांतले जुने होते, तरी हटले. त्यांच्या जागी आलेले अम्मार बिन यासिर यांच्या आईने मक्केत इस्लामसाठी प्राण दिले होते. कूफाच्या लोकांनी अम्मार यांच्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा तेही गेले. उलट मुआविया बिन अबी सुफयान, ज्यांच्या वडिलांनी मक्का पडेपर्यंत पैगंबरांशी लढाया केल्या, त्यांना उमर यांनीच दमास्कसवर नेमले. उशिरा येणे हाच दोष असता तर हे कसे घडले असते? चौदाव्या शतकातले विद्वान इब्न तैमिया यांनी वेगळी कल्पना मांडली. मृदू अबू बक्र यांना कठोर खालिद यांची गरज होती, आणि कठोर उमर यांना मृदू अबू उबैदा यांची, म्हणजे दोन्ही वेळी तोल साधला गेला. ही कल्पना मला आकर्षक वाटते, पण ती स्वभावांवर थांबते. साद, अम्मार आणि अम्र यांना लावलेली मोजपट्टी तिने उलगडत नाही.

या धोरणाची किंमत लपवून चालणार नाही. तबरी यांच्या इतिहासात उमर यांचे लोकांच्या वेडाविषयीचे स्पष्टीकरण खालिद यांच्याबरोबर आणखी एका सेनापतीच्या नावाने येते, आणि तो म्हणजे मुसन्ना बिन हारिसा. इराकची सीमा, तिथल्या टोळ्या आणि इराणी फौजेच्या सवयी त्याला नेमक्या ठाऊक होत्या. उमर यांनी त्याच्यावर अबू उबैद सकफी याला नेमले, कारण मोहिमेला माणसे मागितल्यावर सर्वांत आधी तोच पुढे झाला होता. 634 च्या अखेरीस अबू उबैदने फुरात नदी पूल बांधून ओलांडली, समोर इराणी हत्ती होते, आणि मागे पूल तुटला. तो स्वतः हत्तीखाली सापडून मेला, कितीतरी सैनिक बुडाले किंवा कापले गेले, आणि उरलेले वाचवले ते मुसन्नानेच. अनुभवी माणसाला डावलून निष्ठावंत माणूस वर बसवण्याचा हा थेट परिणाम होता, आणि तो मान्य केल्याशिवाय उमर यांच्या निर्णयाची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे नाही. सीरियात असे घडले नाही, कारण तिथे अबू उबैदा यांना आपल्या मर्यादा माहीत होत्या आणि त्यांनी खालिद यांचे ऐकले. धोरण तेच असूनही एका ठिकाणी विजय आणि दुसऱ्या ठिकाणी विनाश, हा फरक नेमलेल्या माणसाच्या समजुतीवर अवलंबून राहिला.

तिसरा आक्षेप साधनांबद्दलचा आहे. हे सगळे आपल्याला बलाझुरी आणि तबरी यांच्यासारख्या इतिहासकारांकडून कळते, आणि ते नवव्या-दहाव्या शतकातले, म्हणजे घटनेनंतर अडीच शतकांचे. त्यांच्यापर्यंत आलेल्या कथनांवर टोळ्यांचे अभिमान आणि पंथांचे वाद यांचे थर चढलेले आहेत. उमर यांचे पत्र शब्दशः तसेच होते असे मी म्हणणार नाही. पण इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नंतरच्या काळात कथा रचायची असती, तर खालिद यांची बाजू घेणाऱ्याने उमर यांना मत्सरी दाखवले असते आणि उमर यांची बाजू घेणाऱ्याने खालिद यांना गुन्हेगार. इथे दोन्ही घडत नाही. बडतर्फ करणाराच सांगतो की बडतर्फ झालेल्याने काही गुन्हा केला नाही. शिवाय साद यांच्याविषयीचे तेच विधान हदीसच्या अगदी वेगळ्या प्रकारच्या संग्रहात, बुखारी यांच्याकडे, येते. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या कथनांत तोच नमुना दिसतो, तेव्हा तपशील बाजूला ठेवूनही नमुन्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

उरतो तो मुआविया यांचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. 639 च्या आसपास अमवासच्या प्लेगने सीरियात मुस्लिम नेतृत्वाची एक पिढीच नेली. अबू उबैदा गेले, मुआझ बिन जबल गेले, मुआविया यांचे भाऊ यझीद गेले. खालिद जिवंत होते, पण त्यांना परत बोलावले गेले नाही, आणि दमास्कस मुआविया यांच्या हाती आला. 644 मध्ये उमर यांची हत्या झाली. पुढचे खलिफा उस्मान यांच्या काळात मुआविया यांच्याकडे सगळा सीरिया आला आणि ते तिथे सलग वीसेक वर्षे टिकले. मालमत्तेची यादी करायला, दरवाजा जाळायला कोणी तपासनीस आला नाही. 657 मध्ये सिफ्फीनच्या मैदानात सीरियाची फौज मदिनेच्या परंपरेने निवडलेल्या खलिफा अली यांच्याविरुद्ध उभी राहिली, कारण ती आपल्या सुभेदाराची फौज झाली होती. यावरून कोणी म्हणेल की उमर यांचे धोरण अपयशी ठरले. मला वाटते, ते उमर यांच्यापलीकडे टिकले नाही, आणि ही त्यातली खरी उणीव होती. सेनापतींना हलवण्याचा अधिकार एका कठोर, स्वतः साधेपणाने जगणाऱ्या माणसाच्या धाकावर उभा होता. त्याला कायद्याचा किंवा एखाद्या कायम संस्थेचा आधार नव्हता. पण धोका कुठून येईल हे उमर यांनी बरोबर ओळखले होते, याचा पुरावा खुद्द खालिद यांच्या घरात सापडतो. त्यांचा मुलगा अब्दुर्रहमान सिफ्फीनला मुआविया यांच्या बाजूने लढला, होम्सचा सुभेदार होता आणि बायझंटाइन मुलखात मोहिमा काढत होता. वडिलांची कीर्ती आणि स्वतःचे पराक्रम यांमुळे सीरियाचे लोक त्याच्याकडे ओढले जात होते, त्याची मुआविया यांना भीती वाटली, आणि 666 मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला, असे तबरी यांनी नोंदवले आहे. विषाची ही हकीकत खरी असो वा रचलेली, ती सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांना खालिद यांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनीही खलिफाला धोक्याचे वाटावे यात अशक्य असे काहीच वाटले नव्हते.